दांडगोबा शेवटी

प्रयोगशाळेत नियम पुष्कळ असतात आणि ते मोडणारेही पुष्कळ असतात. चप्पल बाहेर काढा, मोबाइल आत नेऊ नका, जेवणाचा डबा या सिंकमध्ये धुऊ नका. यांतले निम्मे नियम पहिल्या महिन्यातच खुंटीला टांगले जातात आणि त्यावाचून कोणाचं काही अडत नाही. पण त्या खोलीत एक नियम असा होता की तो मोडायची कोणाची छाती नव्हती. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तो स्वतःच्या हाताने हूडच्या, म्हणजे पेशींवर काम करायच्या बंदिस्त कट्ट्याच्या, काचेवरच मार्करने लिहून ठेवला होता. कागदावर लिहिला नाही, कारण कागद फाटतात. नियम एवढाच होता: 'दांडगोबा शेवटी.'

दांडगोबा कोणी माणूस नव्हे. कुठल्याशा बाईच्या पोटातून काढलेल्या कर्करोगाच्या गाठीतल्या त्या पेशी. बाई बिचारी कधीच वारली. तिचं नाव त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हतं, पण तिची गाठ मात्र बाटल्याबाटल्यांतून अजून वाढत होती. तुमच्याआमच्या साध्या पेशी काही वेळा दुभंगतात, मग थकतात आणि थांबतात. दांडगोबाला थकवा माहीत नाही. त्याची एक पेशी चुकून दुसऱ्याच्या बाटलीत पडली, की ओसरी दिल्यावर हातपाय पसरायला त्याला फार दिवस लागत नाहीत. मूळची मंडळी उपाशी मरतात आणि घर त्याचं होतं. म्हणून हूडखाली बसलं की नाजूक पेशी आधी, दांडगोबा सगळ्यांत शेवटी, आणि ज्याची त्याची धुण्याच्या पाण्याची बाटली वेगळी.

हा नियम पाळण्यात पहिला नंबर होता लेकीचा. खोलीतले सगळे तिला 'फवारा' म्हणत, कारण तिच्या उजव्या हातात कायम स्पिरिटची बाटली असायची. हातमोज्यांवर फवारा, खुर्चीच्या हातांवर फवारा, कोणी पेन मागितलं तर पेनावर फवारा. पण आपण तिला लेकच म्हणू. या गोष्टीत ती आधी लेक आहे आणि नंतर संशोधक, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

तिचं काम होतं कातडी वाढवण्याचं. माणूस भाजतो तेव्हा त्याच्या अंगावर झाकायला त्याचीच कातडी हवी असते, आणि उरलेली असते ती पोस्टाच्या तिकिटाएवढी. त्या तिकिटाची चादर कशी करायची, हा तिच्या पीएचडीचा प्रश्न. पेशींना कोणतं खाद्य दिलं म्हणजे त्या लवकर म्हाताऱ्या न होता पसरतील, ते शोधत ती चार वर्षं बसली होती. दवाखान्यातून ऑपरेशनमधले उरलेसुरले कातडीचे तुकडे यायचे. काही सडके यायचे, काही उशिरा. बाकीचे तिच्या हातात आल्यावर रुसून बसायचे.

अशात तिच्या आईच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. जुन्या टाक्यांची जागा कापून काढणार, म्हणजे कातडीची चांगली पट्टी उरणार, हे लेकीच्या ध्यानात आलं. तिला स्वतःची लाजही वाटली, पण आईपुढे विषय काढल्यावाचून राहवलं नाही.

"घे गं," आई म्हणाली. "जन्मभर बापलेकींनी सोललंत मला, आता राहिलेलं कातडं तरी कशाला सोडता!" आणि परवानगीच्या कागदावर ऐटीत सही करून तिने सर्जनलाही बजावलं, "मापाने कापा हो. लेकीला कमी पडायला नको."

पट्टी मिळाली. पेशी रुजल्या, फरशी बसवावी तशा एकमेकींना चिकटून बसल्या. आई अजून दवाखान्यात होती तेव्हाच लेकीने त्यांतल्या थोड्या पेशी एका कुपीत गोठवून नायट्रोजनच्या टाकीत ठेवल्या. पेशी थोड्या होत्या, म्हणून कुपी एकच झाली. बाकीच्या तिने वाढवायला घेतल्या.

आई मात्र घरी आली नाही. जखमेत जंतू शिरले, रक्तात गेले, आणि तिला काचेच्या दारापलीकडे नेलं. बाबा दाराबाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. त्यांना आत जाऊ दिलं नाही. संसर्ग होईल म्हणाले, जणू जो व्हायचा तो अजून शिल्लक होता. शेवटी एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला की त्यांनी खूप प्रयत्न केले.

बाबा धंद्याने फोटोग्राफर. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा एवढासा स्टुडिओ होता, मागे निळा पडदा, पुढे लोखंडी स्टूल. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना एकच गोष्ट सांगितली: "हनुवटी वर, खांदे सैल, इकडे बघा." घरीही तेच. लेक लहानपणी कमी मार्क घेऊन आली, की ते आधी म्हणायचे, "हनुवटी वर कर आणि मग सांग." आता जो तो आपापल्या फोनने आपलं तोंड टिपतो, स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोपुरतं गिऱ्हाईक येई. आई गेल्यावर त्यांनी तेही बंद केलं. ते अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. लेकीने भात कालवून समोर ठेवला तर दोन घास खात, नाही ठेवला तर विचारत नसत. ती खरोखर घाबरली. एकाला पोचवून आलो, आता दुसराही त्याच वाटेला लागलाय, असं तिला वाटायला लागलं.

एके दिवशी त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "तिचं काही उरलंय का गं तुझ्याकडे?"

लेकीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

मॅडमना विचारून, बाबांना पांढरा कोट चढवून, शनिवारी दुपारी खोलीत फारसं कोणी नसताना ती त्यांना मायक्रोस्कोपपाशी घेऊन गेली. बाबांनी सवयीने एक डोळा मिटला आणि दुसरा लावला. 

"यांतली ती कुठली?"

"सगळ्याच, बाबा."

"सगळ्या?" ते पुन्हा वाकले. "अशी एका जागी बसलेली पहिल्यांदाच बघतोय मी तिला."

त्या दिवशी घरी जाताना त्यांनी वाटेत चहा मागितला. लेकीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग शनिवार ठरूनच गेला. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. खाली दारावरच्या वॉचमनला बाबांनी एकदा सांगून टाकलं होतं, "बायको असते इथे, तिसऱ्या मजल्यावर." त्या भल्या माणसाने समज करून घेतला की काकू वर कामाला आहेत. "काय काका, काकूंना शनिवारीही ड्युटी?" तो विचारायचा, आणि बाबा हसून म्हणायचे, "तिला कुठली सुट्टी!" शेजारीपाजारीही कोणी हळहळलं, की ते तेच सांगत: ती लेकीकडे असते हल्ली. आई गेली, हे शब्द त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकले नाहीत. लोक लेकीकडे चमत्कारिक नजरेने बघत. लेक बघू देई. माणूस जेवतोय ना, मग लोकांच्या नजरेने कुठे भोक पडतं?

पण पेशी थकत चालल्या होत्या. हे होणारच होतं, वयस्क माणसाची कातडी किती पळणार? त्या चपट्या झाल्या, पसरल्या, मधे मधे जागा दिसू लागली. "फटी पडल्यात गं," बाबा एका शनिवारी म्हणाले आणि त्या आठवड्यात पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले. लेकीने मग रात्रीचा दिवस केला. मीठ कमी कर, साखर वाढव, हे हार्मोन घाल, ते काढ. एक नवं खाद्य तिने जुळवलं आणि त्या बाटल्यांना घातलं. आणि काय आश्चर्य, पंधरवड्यात फटी भरल्या! महिन्याभरात बाटल्या पुरेनात. थांबायचं नाव नाही. मॅडमसुद्धा, ज्या कौतुक तोलूनमापून करत, मायक्रोस्कोपवरून मान वर करून म्हणाल्या, "तुझ्या आईने मनावर घेतलेलं दिसतंय."

बाबांनी तर ते आधीपासून धरूनच ठेवलं होतं. "ती कशाला हार जातेय? आधी भरलेली होती तशीच भरली बघ." त्यांनी स्टुडिओचं शटर उघडलं. शनिवारी ते मायक्रोस्कोपला डोळा लावून हळू आवाजात आठवड्याची हकिगत सांगत. नळाचा वॉशर बदलला. समोरच्याने भिंत पुढे सारली. एका बाळाचा पासपोर्टचा फोटो काढताना दीड तास गेला, बाळ काही तोंड मिटेना. "हसतेयस काय, तू असतीस तर खुळखुळा वाजवलास तरी असतास," ते म्हणायचे. लेक पाठ करून काम करत असल्याचं दाखवायची आणि एकेक शब्द ऐकायची. तिलाही कुठे वाटत होतं की आई पुरती गेली? रोज सकाळी ती पेशी उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरचं दार उघडायची आणि मनात म्हणायची, उठलीस का.

वर्ष सरलं. पेपर लिहून झाला. पाठवताना मासिकाची अट आली: या पेशी ज्या माणसाच्या म्हणता, त्याच्याच आहेत हे तपासून द्या. त्यासाठी आता वाढणाऱ्या पेशी हव्यात आणि तुलनेला मूळचा नमुना. मूळचा नमुना म्हणजे टाकीतली ती एकुलती एक कुपी.

"कुपी कशाला घालवतेस?" वकील म्हणाला. वकील म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा; पाण्याला ओलं का म्हणायचं यावरही तो वाद घालायचा, म्हणून ते नाव. "तुझी थुंकी पाठव. आईलेकीचं निम्मं जुळेलच. तेवढं पुरे."

"अर्धवट पुरावा मी देत नाही," फवारा म्हणाली. "मूळ ते मूळ. आणि इन्क्युबेटर ओसंडून वाहतोय. एक जुनी कुपी गेली तर काय बिघडलं?"

त्या तपासणीत पेशी फोडून त्यांचा अर्क काढतात. गोठवलेली कुपी एकदा उघडली की पुन्हा झाकून ठेवता येत नाही. हे ती कोणालाही झोपेत सांगू शकली असती. तिने कुपीवरचा बर्फ पुसला, आईच्या नावाची अक्षरं बघितली, आणि कुपी बर्फाच्या डब्यात घालून पाठवून दिली.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. मॅडम कधी दार लावत नसत.

"बस," त्या म्हणाल्या. "तपासणीवाल्यांचा फोन होता. दोन नमुने जुळत नाहीत."

"नावं उलटसुलट झाली असतील त्यांच्याकडे."

"मलाही तसंच वाटलं. मी पुन्हा करायला लावली."  "कुपी आईचीच आहे. बाटल्यांतलं सगळं दांडगोबा आहे. सगळं. आईची एक पेशी शिल्लक नाही त्यांत."

लेक हसली. कधी कधी माणूस असा हसतो आणि पुढे जन्मभर त्याला ते हसू आठवतं.

"शक्य नाही मॅडम. मी कधी... काचेवर लिहिलंय आपल्या."

"मीच लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "पेपर मागे घ्यावा लागेल. ते खाद्य खाऊन वाढलं ते दांडगोबा. त्याला नळाचं पाणी घातलं तरी वाढेल. वर्ष गेलं. तुला वेळ वाढवून मिळेल असं बघते मी. पण या बाटल्या आज ना उद्या संपवाव्या लागतील, नाहीतर बाकीच्यांच्याही जातील."

ती हूडसमोर येऊन बसली. काचेवरची अक्षरं समोरच होती. कधी झालं, हे शोधायला तिला कुठलं टिपण चाळावं लागलं नाही. असा एकच दिवस होता.

आई गेल्यानंतर ती पहिल्यांदा प्रयोगशाळेत आली तो दिवस. तिच्या रजेत वकिलाने दोन्हींना खाद्य घातलं होतं, पण आता बाटल्या बदलायला हव्या होत्या, आईच्याही आणि प्रयोगांत तुलनेला ती वाढवत असलेल्या दांडगोबाच्याही. नियमाने आईची बाटली आधी काढायची. तिने इन्क्युबेटर उघडला, आईची बाटली हातात घेतली, आणि तिला ती उघडवेना. बाटली कोमट होती. काचेच्या दारापलीकडून आईला बाहेर आणल्यावर तिचा हात तिने शेवटचा धरला तेव्हा तो थंड होता, आणि ही बाटली कोमट. तिने ती परत आत ठेवली. आधी दुसरं उरकू, मग हिच्याकडे निवांत बघू, असं म्हणून तिने दांडगोबा काढला. त्याला मिठाच्या पाण्याने धुतलं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, चष्म्यावर वाफ धरली होती. मग आईची बाटली घेतली आणि तिलाही त्याच मिठाच्या पाण्याच्या बाटलीतून धुतलं.

एवढंच झालं. चार वर्षं जगातल्या यच्चयावत वस्तूंवर स्पिरिट मारणारी ही पोर, आईकडे बघवत नाही म्हणून एक दिवस क्रम चुकली. आधी दांडगोबाची एकच पेशी आत शिरली असेल, फार तर दोन. आईच्या पेशी थकत होत्या तेव्हा तो आतल्या आत पसरत होता. त्या एकेक करून संपल्या आणि त्यांच्या जागी तो बसला, तेव्हा फटी भरल्या. बापलेकींनी त्या दिवशीही आनंदाने वाटेत चहा घेतला होता.

संध्याकाळी वकील तिच्यापाशी स्टूल ओढून बसला. त्याला कळलं होतं. अशा गोष्टी त्या खोलीत भिंतींनाही कळतात. त्याने त्या दिवशी वाद घातला नाही.

"काकांना सांगायची काय गरज आहे?" तो म्हणाला. "एक बाटली राहू दे. वेगळ्या कपाटात ठेवू, मी मॅडमशी बोलतो. त्यांना त्यातलं काय कळतंय? आणि एक गोष्ट आहे बघ. तुझ्या आईच्या पेशी कधी ना कधी संपणारच होत्या, तेव्हा काय सांगणार होतीस? दांडगोबा संपत नाही. काकांना जन्मभर पुरेल."

त्याने हे मायेनेच सांगितलं. आणि लेकीने ऐकलं. तिला दोष देणाऱ्याने आधी आपला बाप भिंतीकडे तोंड करून पडलेला बघावा.

मॅडमनी एक महिना दिला. बाबा शनिवारी आले, एक डोळा मिटला, दुसरा लावला. "आज ताजीतवानी दिसतेयस," ते दांडगोबाला म्हणाले. मग त्यांनी त्याला सांगितलं की तुझी लेक हल्ली नीट जेवत नाही, रात्री उठून बसते, तू जरा बोल तिच्याशी. लेक पाठ फिरवून नळाखाली एकच काचेची बाटली घासत राहिली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्या मुक्या, माजलेल्या गाठीला तिचा बाप घरातलं एकेक सांगत होता, नाव घेऊन हाक मारत होता, आणि तिला वाटत होतं की ही चोरी आहे. कोणाची, ते तिला सांगता आलं नसतं. बाबांची, आईची, की त्या नाव नसलेल्या बाईची.

त्याच्या पुढच्या शनिवारी बाबा लवकर आले. चेहरा उजळलेला. आधी मायक्रोस्कोपकडे न जाता ते लेकीसमोर स्टुलावर बसले.

"डॉक्टरकडे जाऊन आलो. ते जांघेत आलंय ना माझ्या, हर्निया आहे म्हणे. छोटंसं ऑपरेशन करायचं."

"बरं. कधी?"

"करू केव्हाही. मी काय म्हणतो, कातडी काढतील की नाही थोडी? माझं पोट सुटलेलं, जास्तीची भरपूर आहे. मी विचारलं त्यांना. देतो म्हणाले." ते जरा लाजले. लेकीने त्यांना असं लाजताना कधी पाहिलं नव्हतं. "तर माझ्याही वाढवशील का? तिच्याबरोबर? म्हणजे वेगळ्या बाटलीत नको. एकाच डबीत ठेवता येतील का गं दोघं?"

लेकीच्या हातातलं पिपेट खाली पडलं. ते उचलायला ती वाकली आणि उगाचच खाली जास्त वेळ राहिली. काय होईल, ते तिला इतकं स्वच्छ दिसलं की मायक्रोस्कोपची गरजच नव्हती. बाबांच्या पेशी डबीच्या तळाला टेकतील, दोन दिवस चाचपडतील. मग शेजारून दांडगोबा सरकेल. महिन्याभरात डबीत बाबा नसतील, आणि फटी मात्र छान भरलेल्या असतील.

"नाही, बाबा," ती म्हणाली.

"का? रक्ताचे गट जुळत नाहीत म्हणून?"

"बाबा, ती आई नाही."

बाबा हसले. "आता हे काय?"

"ती आई नाही. त्या बाटल्यांत दुसऱ्याच बाईच्या पेशी आहेत. दांडगोबा. माझ्या हातून चूक झाली. एकाच बाटलीतलं पाणी दोघांना घातलं मी. आईच्या सगळ्या मेल्या."

तिने सगळं सांगितलं. तिला थांबताच येईना. बाबा ऐकत होते, पण कान तिच्याकडे आणि डोळे मायक्रोस्कोपकडे होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"फटी भरल्या तेव्हापासून. त्याच्याही आधीपासून थोडं."

"म्हणजे मी एवढे दिवस..."  त्यांनी हाताने नुसतं मायक्रोस्कोपकडे दाखवलं. मग म्हणाले, "कोण बाई ही?"

"माहीत नाही. कर्करोगाने गेलेली कोणीतरी. फार वर्षं झाली."

"तिचं कोणी येत नसेल बघायला." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. मग एकदम त्यांना काहीतरी सुचलं आणि आवाजात जीव आला. "पण तू एक कुपी ठेवली होतीस ना बर्फात? ती जिवंत असतानाची? मला दाखवली होतीस तू, त्या टाकीत, धूर येतो ती."

या प्रश्नाची तिला सगळ्यात जास्त भीती होती.

"ती मी तपासणीला पाठवली."

"मग आणू की परत."

"ती परत येत नाही, बाबा. तपासणीत पेशी फोडतात."

"थोडं तरी उरलं असेल."

ती जमिनीवरच्या फरशांकडे बघत होती. "काही उरलं नाही."

 बाबा ओरडले असते, तर तिने ते झेललं असतं.  पण त्यांनी निळ्या पडद्यासमोर बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं, "हनुवटी वर."

तिला जमेना.

"हनुवटी वर कर. त्या डॉक्टरने बुटांकडे बघून सांगितलं मला. मी ते धरलंच नाही कधी. बुटांकडे बघून सांगितलेलं कोण खरं धरेल? तू तरी इकडे बघून सांग."

लेकीने मान वर केली. बाबांचे डोळे कोरडे होते, आणि दोन्ही उघडे होते.

"बाबा," ती म्हणाली, "आई गेली."

त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. खिशातून रुमाल काढला, घडी मोडली नाही, तसाच परत ठेवला.

"आता हिचं काय करणार?"

"ब्लीच घालून टाकून द्यायचं असतं."

"मग घाल."

"नंतर घालीन मी. तुम्ही घरी गेल्यावर."

"आत्ता घाल. मी थांबतो इथे." त्यांनी कोटाची बटणं वरपर्यंत लावली. "माझी कोणी नाही ही, कळलंय मला. पण बोललोय मी हिच्याशी. आणि तुझ्या आईच्या वेळी मला आत येऊ दिलं नव्हतं."

लेकीने इन्क्युबेटर उघडला आणि बाटल्या एकेक करून टेबलावर मांडल्या. त्या कोमट होत्या. तिने झाकणं उघडली आणि ब्लीच ओतलं. बाटल्यांतलं खाद्याचं गुलाबी पाणी आधी जांभळं झालं, मग हळूहळू त्याचा रंगच गेला. बाबा हात पुढे बांधून उभे होते. मायक्रोस्कोपकडे ते गेले नाहीत. शेवटच्या बाटलीतला रंग गेल्यावर त्यांनी कोट काढला, त्याची नीट चौकोनी घडी केली आणि खुर्चीवर ठेवली.

ती त्यांना पोचवायला खाली आली. जिन्यात ते कठड्याला धरून उतरत होते. आजवर कधी धरला नव्हता. ऑपरेशन करून घेतो म्हणाले, कातडी डॉक्टरांना टाकून देऊ दे.

दारावर वॉचमन खुर्चीतून उठला. "काय काका, आज लवकर? काकू भेटल्या नाहीत वाटतं?"

बाबा थांबले. लेकीला वाटलं ते हसतील, तिला कुठली सुट्टी म्हणतील, आणि तिने तेही सहन करायची तयारी केली.

"ती गेली," बाबा म्हणाले.

वॉचमनने घाईघाईने टोपी काढली. "अरेरे. काय सांगता! कधी?"

बाबांनी वळून लेकीकडे पाहिलं.

"आत्ता," ते म्हणाले.